हायड्रोजनसाठी ठेव मोडू नका

तुम्ही लिहिलंय: किलोभराचा ड्रोन, ७७ वॉट-तासांच्या चार बॅटऱ्या, जमिनीच्या मोजणीची कामं. दुपारच्या आत बॅटऱ्या संपतात आणि उरलेल्या तुकड्यासाठी दुसऱ्या दिवशी हेलपाटा पडतो. म्हणून ठेव मोडून हायड्रोजन फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रावर, उडणारा मोठा ड्रोन घ्यावा का?

माझं मत स्पष्ट आहे, ठेवीला हात लावू नका.

हायड्रोजनची ताकद खोटी नाही. किलोमागे ३३ किलोवॉट-तास; लिथियम बॅटरीत किलोमागे जेमतेम पाव किलोवॉट-तास. पण तो वायू ३०० बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तीनशेपट, दाबलेल्या टाकीतून न्यायचा, ती भरून देणारा जवळपास हवा, आणि वाऱ्याचा झोत आला की लागणारी जादा ताकद द्यायला लिथियम बॅटरी सोबत लागतेच. तासन्‌तास न उतरता उडायचं असेल त्याला हा खर्च परवडतो. तुमचा ड्रोन २५ मिनिटांनी खाली आला तर काहीच बिघडत नाही. खाली आल्यावर चार्जिंगची सोय नसते, तिथे तुमचा दिवस जातो.

मग तेवढंच सोडवू. हजार वॉट-तासांचं पॉवर स्टेशन, म्हणजे सोबत नेता येणारी मोठी बॅटरी, गाडीत ठेवा; लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचंच घ्या. चार्ज करताना वाया जाणारी वीज धरूनही त्यातून अकराएक चार्ज निघतात. आणखी दोन बॅटऱ्या घेतल्या की सकाळच्या भरलेल्या सहा धरून सतरा उड्डाणं, म्हणजे हवेतले सात तास. एक खाचखळगा आहे: चार्जिंग हब, म्हणजे अनेक बॅटऱ्या एकत्र लावायचा चार्जर, बहुतेकदा बॅटऱ्या एकामागून एक भरतो आणि एकीला दीड तास लागतो. तेव्हा वेगळे चार्जर घ्या, आणि उतरलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय लावू नका. घडीचं सौर पॅनेल सध्या राहू द्या, सतरा उड्डाणंही कमी पडायला लागली की बघू.

आता तुमच्या पत्रात कुठेच नसलेला खर्च. ड्रोनची लिथियम पॉलिमर बॅटरी चार्जच्या साधारण २०० ते ३०० फेऱ्यांत थकते. तिच्या किमतीला २०० ने भागा आणि येणारी रक्कम प्रत्येक उड्डाणाच्या बिलात धरून वेगळ्या खात्यात टाका. तुमची एक बॅटरी खाचेत घट्ट बसतेय म्हणता, ती फुगली आहे. आजपासून ती उडवू नका, चार्जही करू नका. तिची बदली या खात्यातून व्हायला हवी होती. यावेळी ती, दोन जादा बॅटऱ्या आणि पॉवर स्टेशन चालू मिळकतीतून दोन-तीन टप्प्यांत घ्या. पहिला टप्पा पॉवर स्टेशनचा.