शाखा आधी की कॉलेज आधी?

प्रश्न : माझे वडील विट्याला यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करून देतात. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, खाचांमध्ये कागद घालून नवी कॉइल बसवायची, हे काम मी नववीपासून त्यांच्याशेजारी बसून करते आणि मला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच करायचे आहे. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळेलसे दिसते. पुण्याच्या सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी संस्थेत मात्र मेटलर्जीपर्यंतच (धातुशास्त्र) मजल जाईल. मामा म्हणतात, शाखा कोण विचारतो, सीओईपीचे नाव लागले की झाले. पसंतीक्रम भरायला चार दिवस उरले आहेत. काय करावे?
– एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : मामांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. 1854 पासून चालत आलेल्या संस्थेच्या नावाला वजन असतेच. कॅम्पसवर येणाऱ्या काही कंपन्या सर्व शाखांच्या मुलांना मुलाखतीला बसू देतात, आणि पुढे सॉफ्टवेअर किंवा एमबीएकडेच वळायचे असेल, तर पदवीवर कोणती शाखा लिहिली आहे याने फारसे अडत नाही. तुमचा बेत तसा असता, तर मीही पुणेच सुचवले असते. (मामा कदाचित विश्वेश्वरय्यांचे नाव काढतील. ते पुण्याच्या याच संस्थेत शिकले हे खरे. पण त्यांचे नाव झाले ते धरणे आणि पाणीपुरवठ्याच्या कामांनी, म्हणजे शिकलेल्या विषयानेच.)

तुमचा ओढा मात्र मोटारींकडे आहे, आणि तिथे शाखा विचारली जाते. महावितरण किंवा महापारेषणमध्ये विद्युत अभियंत्याच्या पदासाठी अर्ज करताना पदवी इलेक्ट्रिकलचीच लागते. पदवीनंतरच्या गेट या प्रवेश परीक्षेचा पेपर दुसऱ्या शाखेचा देता येतो, पण त्या गुणांवर भरती करणाऱ्या सरकारी कंपन्या पदवीची शाखाही पाहतात. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, या भरवशावर प्रवेश घेऊ नका. त्या जागा मोजक्या असतात आणि वर्गातली हुशार मुले त्याच रांगेत उभी असतात.

एक शंका मात्र तुम्हीच तपासून घ्यायला हवी. दुकानातली मोटार आणि अभ्यासक्रमातले इलेक्ट्रिकल ही एकच गोष्ट नव्हे. कोणत्या मोटारीला किती वेढे द्यायचे हे वडिलांच्या हाताला ठाऊक आहे. महाविद्यालयात फिरते चुंबकीय क्षेत्र कसे तयार होते आणि रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) त्याच्याहून थोडा मागेच का राहतो, हे गणिताने सिद्ध करावे लागते. दोन्ही शाखांचे दुसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम संस्थांच्या संकेतस्थळांवरून उतरवून घ्या आणि शांतपणे वाचा. मेटलर्जीला कमी लेखू नका. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कठीण का होते, हा प्रश्न तुम्हाला खरोखर छळू लागला, तर ती शाखा नाइलाजाची उरणार नाही.

आता अर्जाविषयी. जागांचे वाटप तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमाच्या वरून खाली होते आणि जिथे तुमची गुणवत्ता पुरते तो पहिला पर्याय हाती पडतो. पुढच्या फेऱ्यांत बदल झाला तर तो त्याहून वरच्या पर्यायाकडेच. सीओईपीची मेटलर्जी वालचंदच्या इलेक्ट्रिकलवर लिहिली आणि ती मिळाली, तर वालचंदचा विचारच होणार नाही. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाल्यास ती स्वीकारावीच लागते, हेही ध्यानात ठेवा. म्हणून पहिल्या ओळीत सीओईपीचे इलेक्ट्रिकल लिहा. मिळण्याची आशा कमी असली तरी ते वर ठेवल्याने नुकसान काहीच नाही. दुसऱ्या ओळीत वालचंदचे इलेक्ट्रिकल लिहा. खरी परीक्षा तिसऱ्या ओळीची आहे : तिथे सीओईपीची मेटलर्जी येते की कराडच्या शासकीय महाविद्यालयाचे इलेक्ट्रिकल? ती ओळ मामांना न विचारता भरा.