आधी खुर्चीतून उठायला सांग

प्रिय,

कॅन्सरच्या औषधाच्या चाचणीचा तुझा प्रोटोकॉल, म्हणजे आराखडा, वाचला. पंचाहत्तरीपुढचे रुग्ण घेतले तर आकडे बिघडतील, म्हणतोस. बिघडू देत. उद्या ते औषध घ्यायला ओपीडीत कोण बसणार आहे, पन्नाशीतले धडधाकट?

वयाची अट मीही घातली आहे. माझ्या पहिल्या अभ्यासात ‘कमाल वय ७०’ ही ओळ माझ्याच हस्ताक्षरात होती. तेव्हा सगळेच लिहायचे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणी-गटाची आकडेवारी छापून आली: तिथल्या कॅन्सर रुग्णांत पासष्टीपुढचे ६३ टक्के, त्या गटाच्या चाचण्यांत २५. मी ती वाचली आणि पुढच्या प्रोटोकॉलमध्ये ७० चे ७५ केले. केवढं धाडस!

एका बाईंना क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, नॉर्मल म्हणून मी केमोचा पूर्ण डोस दिला. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून; अंगावर स्नायूच उरले नव्हते, तर ते वाढणार कुठून? गोळ्यांची स्ट्रिप त्यांना फोडता येत नव्हती, मुलगी फोडून देत होती. माझ्यासमोर. मी रिपोर्ट बघत होतो. दुसऱ्या सायकलनंतर त्या भरती झाल्या, त्या घरी गेल्याच नाहीत.

म्हणून म्हणतो, आधी खुर्चीतून उठायला सांग. तीन मीटर चालून, वळून, परत बसेपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघ. मग पडणं, वजन, विसरभोळेपणा, रोजच्या गोळ्या, घरी कोण असतं, हे सगळं विचार. वेळ नाही, हे मला ऐकवू नकोस. सत्तरीपुढच्या कॅन्सर रुग्णांवरच्या २०२१ च्या ‘गॅप७०प्लस’ चाचणीत डॉक्टरांना अशी माहिती आणि सोबत सूचना दिल्या, त्या गटात गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांना झाले. न दिलेल्या गटात ७१. सहा महिन्यांनी हयात असलेल्यांच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता.

आणि वय बघून डोस कमी करण्याची ती माया, तीही नको. पासष्टीपुढच्या स्त्रियांना स्तनाच्या कॅन्सरसाठी सोसवेल म्हणून केमोची नुसती गोळी दिली, तर नेहमीच्या केमोपेक्षा आजार जास्त उलटला. २००९ मध्येच छापून आलंय हे. वय बघून कमी नाही, रिपोर्ट बघून पूर्ण नाही. खुर्चीतून उठायला सांग!

चिडलोय असं वाटेल. तुझ्यावर नाही. ‘रुग्णाला स्वतःची अंघोळ स्वतः करता येते का’ हा तुझा प्रश्न फार आवडला. तो परिशिष्टात का दडवलास? चाचणीत मुख्यतः जे मोजणार आहेस, त्यात आण. चौथ्या पानावरची वयाची ओळ मी खोडली आहे. सोमवारी मसुदा घेऊन ये, आणि सोबत स्टॉपवॉच.