वाचकांचे प्रश्न : सेकंडहँड गाडीला वाढीव वॉरंटी घ्यावी का?

प्रश्न : पाच वर्षे वापरलेली आणि ६२,००० किलोमीटर चाललेली ऑटोमॅटिक गिअरची पेट्रोल गाडी घ्यायचे मी जवळजवळ नक्की केले आहे. दोन वर्षांची वाढीव वॉरंटीही घ्या, असा विक्रेत्याचा आग्रह आहे. तिची रक्कम कर्जातच धरता येईल, मात्र निर्णय आजच कळवा, असे तो म्हणतो. ही वॉरंटी घेणे शहाणपणाचे आहे का?

उत्तर : आज सही करू नका. ज्याला या व्यवहारात काही मिळवायचे नाही अशा मेकॅनिककडून आधी गाडी तपासून घ्या, आणि वॉरंटीच्या माहितीपत्रकावर न थांबता मूळ करारनामा मागून घेऊन घरी शांतपणे वाचा. करारनामा सहीपूर्वी हातात द्यायला विक्रेता तयार नसेल, तर ती वॉरंटी नको म्हणून सांगा. मोठ्या रकमेला माणसाने एकदा होकार दिला की त्यावरची लहान रक्कम त्याला जाणवत नाही, म्हणूनच ही घाई नेमकी कागदपत्रांच्या टेबलावर केली जाते.

नावात वॉरंटी असली तरी हा दुरुस्तीचा खर्च उचलण्याचा करार आहे. त्याच्या किमतीत दुरुस्त्यांचा अपेक्षित खर्च तर असतोच, शिवाय कंपनीचा कारभार, विक्रेत्याचे कमिशन आणि नफाही असतो. त्यामुळे सगळ्या ग्राहकांचा एकत्र हिशोब मांडला, तर भरलेल्या पैशांपेक्षा परत मिळालेले पैसे कमीच भरतात. तरीही एखाद्या घरासाठी हा करार योग्य ठरू शकतो, कारण अचानक येणारा मोठा खर्च सगळ्यांनाच सारखा पेलत नाही. पुढच्या वर्षी गिअरबॉक्स गेला तर त्याचे बिल तुम्ही कर्ज न काढता भरू शकाल का? भरू शकत असाल, तर वॉरंटीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. काही बिघडले नाही तर ती तुमचीच राहील.

तुमच्या बाबतीत पारडे थोडे वॉरंटीकडे झुकते ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे. साध्या मॅन्युअल गिअरची गाडी असती आणि तिच्या सर्व्हिसच्या नोंदी नीट असत्या, तर मी सरळ नको म्हटले असते. ऑटोमॅटिकमध्ये तेलाच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते, आणि त्यात दोष निघाला की बहुतेकदा सुटा भाग न बदलता अख्खा संच बदलावा लागतो. इंजिनाला टर्बो असेल, तर तोही महागड्या भागांत धरा.

करारनामा वाचताना वगळलेल्या बाबींच्या पानापासून सुरुवात करा. काही करारांत फक्त नावे दिलेल्या भागांना संरक्षण असते, काहींत वगळलेल्या यादीबाहेरच्या सगळ्या भागांना. दुसरा प्रकार ग्राहकाला अधिक सोयीचा, कारण नाव न आलेल्या भागाचा वाद त्यात तुमच्या बाजूने सुटतो. ब्रेक पॅड, टायर, वायपर, बॅटरी यांना बहुधा दोन्हींत जागा नसते. खरा वाद ‘झीज’ या शब्दावर होतो. तुमच्या गाडीला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असेल, तर त्या क्लचची झीज करारात धरली आहे की नाही, हे लेखी विचारा. प्रत्येक दाव्याची कमाल मर्यादा, तुम्ही स्वतः भरायचा वाटा, आणि सुरुवातीचे किती दिवस दावा करता येत नाही, हेही पाहा. गिअरबॉक्स उघडून दोष शोधण्याची मजुरी कोण देणार, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि दावा नाकारला गेला की ते बिल गाडीमालकाच्या हातात पडते.

एका कलमाची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या जुन्या गाडीचा वॉटर पंप गळू लागला आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला. घर जवळच आहे म्हणून मी गाडी तशीच पुढे नेली आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन मुख्य भागांमधली सीलबंद पट्टी, जळले. वॉरंटी कंपनीने पंपाचे पैसे दिले, पण इंजिन तापल्याचे दिसत असताना गाडी चालवल्याने झालेले नुकसान करारात बसत नाही, असे सांगून त्याहून कितीतरी मोठे गॅस्केटचे बिल नाकारले. ते कलम करारात होते. मी ते वाचले नव्हते.

आता तपासणीविषयी. इंजिन थंड असतानाच ते सुरू झालेले पाहा. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा, गरम असेल तर पुन्हा थंड झाल्यावर या. मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा आणि दोषांच्या कोडबरोबर गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का, हेही बघायला सांगा. दोष दिसू नयेत म्हणून कोणी कोड पुसले असतील, तर या चाचण्याही पुसल्या जातात आणि काही काळ गाडी चालेपर्यंत ‘अपूर्ण’ दिसतात. बॅटरी नुकतीच काढली असली तरी तसेच दिसते, म्हणून कारण विचारून घ्या. गिअरबॉक्स पुरता गरम होईपर्यंत गाडी चालवा, मग डी (पुढचा) आणि आर (मागचा) गिअर असे आलटून पालटून टाका. गिअर बसायला वेळ लागला, धक्का बसला किंवा संथ वेगात गाडी थरथरली, तर आधीपासूनच्या दोषांना संरक्षण न देणारी वॉरंटी तुमच्या उपयोगाची नाही. तिथे गाडीच सोडून द्यावी. तपासणी चांगली निघाली, तर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला तो अहवाल जपून ठेवा. हा दोष आधीचाच होता, असे कंपनी पुढे म्हणाली तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

गाडीच्या उत्पादकाची मूळ किंवा वाढवलेली वॉरंटी शिल्लक आहे का आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारा. शिल्लक असेल, तर त्याच काळासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजू नका. नवी वॉरंटी उत्पादकाची असेल तर तिच्यावर माझा अधिक भरवसा आहे; तिसऱ्या कंपनीची असेल, तर विक्रेत्याचे दुकान बंद झाल्यावरही दावा कोण देणार, हे करारात शोधा. आणि ती रक्कम कर्जात घालू नका, कारण वॉरंटी दोन वर्षांत संपेल आणि तिच्यावरचे व्याज त्यानंतरही चालू राहील.

तपासणी निर्दोष असेल, गिअरबॉक्स त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागांसह करारात असेल, दाव्याची मर्यादा अख्खा गिअरबॉक्स बदलण्याच्या खर्चाएवढी असेल आणि तो खर्च तुम्हाला झेपणारा नसेल, तर वॉरंटी घ्या. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : मी वाढीव वॉरंटी घेतली आहे, पण सर्व्हिस ओळखीच्या गॅरेजमध्ये करतो. दावा नाकारला जाईल का?

उत्तर : ते तुमच्या करारावर अवलंबून आहे, काही करार अधिकृत केंद्राची सक्ती करतात, काही फक्त वेळेवर झालेल्या सर्व्हिसचा पुरावा मागतात. तुमचा करार दुसऱ्या प्रकारचा असेल, तर गॅरेजकडून प्रत्येक वेळी छापील बिल घ्या आणि त्यावर तारीख, किलोमीटर व इंजिन ऑइलचा ग्रेड लिहून घ्या. बिघाड झाल्यास कंपनीची लेखी मंजुरी येईपर्यंत गॅरेजला काहीही उघडू देऊ नका.