स्प्रिंग कॉम्प्रेसर कुठून आणू?

प्रश्न: माझी जुनी स्विफ्ट आहे, खड्ड्यात गेली की पुढून डावीकडे खडखड वाजते, मेकॅनिक म्हणतो स्ट्रट माउंट (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा जोड म्हणजे स्ट्रट, तो वर बॉडीला जोडणारा रबरी भाग) गेलंय. घरीच बदलायचंय. पाने, सॉकेट सगळं आहे, फक्त स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, नाही. जाड तार बांधून भागेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: तारेचं आधी डोक्यातून काढून टाका, प्लीज. स्ट्रटवर स्प्रिंग दाबून बसवलेली असते, वरचा मधला नट सुटला की ती सगळी ताकद एकदम उसळते आणि समोर हात असो की तोंड, काही वाचत नाही. कॉम्प्रेसरसाठी नाना पेठेत स्पेअर पार्ट्सवाल्यांकडे विचारा, मुंबईला जाणं झालं तर नागदेवी स्ट्रीटला टूल्सची दुकानंच दुकानं आहेत. घेताना त्याच्या आकड्यांना (हुकांना) सेफ्टी पिन आहे ना बघा, आट्यांना ग्रीस लावा, दोन्ही आकडे बरोबर समोरासमोर बसवा आणि आळीपाळीने थोडं थोडं पिळत जा, इम्पॅक्ट गन (नट फिरवायचं मशीन) अजिबात नको. स्प्रिंग सीटवर सैल होऊन हाताने हलायला लागली की मगच तो वरचा मधला नट सोडा.

पण खरं सांगू का, एकदाच करायचं असेल तर अख्खा स्ट्रट काढून ओळखीच्या गॅरेजात न्या आणि तेवढं माउंट बदलून आणा, मला हेच जास्त पटतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावाच. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.