पर्यावरणाच्या अटींमुळे पुण्यात घरं महाग होतात का? शहर हा मेळ कसा घालतं?

तुमचा प्रश्न असा आहे: साइट ऑफिसात तुम्हाला सांगितलं गेलं की पर्यावरणाच्या एवढ्या अटी नसत्या तर हाच फ्लॅट बराच स्वस्त मिळाला असता. हे खरं आहे का? आणि घरांच्या किमती आणि टेकड्या-नद्या या दोन्हींचा मेळ पुण्यासारखं शहर कसा घालतं? बजेट ८० लाखांच्या आसपास आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

मी आर्किटेक्ट आहे. बिल्डरांसाठी आणि पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांसाठी नकाशे करतो, महापालिकेतून ते मंजूर करून घेतो. म्हणजे ज्या अटींना नावं ठेवली जातात, त्यांची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जातात. अटींमुळे खर्च वाढतो, हे खरं. पण जेवढा सांगितला जातो तेवढा अजिबात नाही. मेळ घालण्याबद्दल म्हणाल, तर बहुतेक वेळा खर्च पुढे ढकलला जातो, आणि त्यालाच मेळ म्हणतात.

आधी तुमच्याच ८० लाखांचा हिशेब घेऊ. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, त्यात १ टक्का मेट्रो अधिभार धरलेला आहे. झाले ५ लाख ६० हजार. (खरेदी एखाद्या स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सूट मिळते.) नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख. सगळे मिळून ९ लाख ९० हजार, आणि यातला एकही रुपया झाडासाठी किंवा ओढ्यासाठी नाही. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, पावसाचं पाणी जिरवण्याचे खड्डे, गच्चीवरची सौर यंत्रणा हे सगळं दीड-दोनशे फ्लॅटमध्ये वाटून टाकल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जे येतं, ते या रकमेपुढे किरकोळ असतं.

खरा पैसा जमिनीत असतो. बिल्डर जमीन घेताना हिशेब उलटीकडून करतो. या भागात काय दराने विकलं जाईल ते धरायचं, त्यातून बांधकाम, महापालिकेचे भरणे, व्याज आणि स्वतःचा नफा वजा करायचा. उरेल तेवढे पैसे जमीनमालकाला. त्यामुळे उद्या सगळ्या पर्यावरणाच्या अटी उठवल्या तर तुमचा फ्लॅट स्वस्त होण्याआधी शेजारच्या रिकाम्या प्लॉटचा भाव चढेल. अट खरोखर बोचते ती जमीन घेऊन झाल्यावर अचानक आली तर, किंवा परवानगीची फाइल महिनोन्‌महिने अडकली तर. तेव्हा बिल्डरची ओरड खोटी नसते, कारण व्याज थांबत नाही. सरकारने अटी कमी करण्यापेक्षा त्या आधी सांगाव्यात आणि फाइल वेळेत हलवावी, असं माझं मत आहे. पण ही मागणी करायला कोणी मोर्चा काढत नाही.

बिल्डरचा खर्च कमी झाला म्हणून दर उतरत नाही, याचा एक पुरावा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, साधारण १.१, त्यापुढचा एफएसआय पैसे भरून घ्यायचा, ज्याला प्रीमियम म्हणतात, नाहीतर टीडीआर, म्हणजे जमीन सोडल्याच्या मोबदल्यात दुसऱ्याला मिळालेला बांधकामाचा हक्क, विकत घ्यायचा. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणला आणि बदल्यात ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरावं अशी अट घातली. एवढी मोठी सवलत मिळाली, तरी माझ्या माहितीतल्या एकाही प्रकल्पाचा दर खाली आला नाही. नवे नकाशे मात्र धडाधड दाखल झाले. आमच्याकडे सवलत संपत आलेल्या २०२१ च्या डिसेंबरात माणसं रात्री दहापर्यंत बसलेली असायची.

आता आतलं थोडं. नियमांमध्ये दोन आकडे फार महत्त्वाचे आहेत. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवून म्हाडामार्फत सोडतीने द्यावी लागतात. एक आकडा पर्यावरणाचा, एक परवडणाऱ्या घरांचा. म्हणजे तुम्ही विचारताय तो समतोल कागदावर याच दोन आकड्यांवर उभा आहे. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्याच मीटिंगला पार्टी म्हणते, “साहेब, एकोणीस हजार नऊशेत बसवा.” जमीन मोठी असेल तर तिचे तुकडे पडतात, भावाच्या नावावर एक, कंपनीच्या नावावर दुसरा. नाशिकमध्ये या ४,००० च्या अटीवरून २०२२ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. पकडले गेलेलेही आहेत. सिंहगड रस्त्यावरच्या एका गृहप्रकल्पात मंजुरीपेक्षा जास्त बांधल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल ते भरायला लावलं. पण इमारती तोवर उभ्या होत्या, लोक राहायला आलेले होते.

एक गोष्ट कोणीच पर्यावरणाच्या खात्यात धरत नाही, ती म्हणजे पार्किंग. पुण्याखाली काळा कातळ आहे. नियमाप्रमाणे गाड्या बसवायच्या म्हणून दोन-दोन, तीन-तीन मजली तळघरं काढावी लागतात. ब्रेकर लावून महिनोन्‌महिने कातळ फोडायचा, डंपरने राडारोडा बाहेर काढायचा. तो रात्रीच्या अंधारात कुठल्या ओढ्याच्या काठाला पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. कातळाच्या भेगांतून येणारं पाणी पंपाने उपसून पावसाळी गटारात सोडायचं. मी एका जागेवर ऐन मे महिन्यात असा पंप चोवीस तास चालू असलेला पाहिलाय, आणि त्याच गल्लीत पलीकडच्या सोसायटीची बोअर आटली म्हणून तिथे टँकर लागलेला. घराचा खर्च वाढवणारी आणि भूजलाला मारणारी ही एकच बाब आहे. झाडांच्या परवानगीवरून तावातावाने भांडणारे दोन्ही पक्ष इथे गप्प असतात, कारण गाडी दोघांकडेही असते.

ढकललेल्या खर्चाचं बिल शेवटी कोणाकडे येतं, हे ओढ्यांकाठी दिसतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली, आणि त्या रात्री शहर-परिसरात मिळून वीसहून जास्त लोक गेले. ओढा अरुंद झाला होता, जागोजागी वळवला होता, पाणी मुरायला वरच्या अंगाला मोकळी जमीन उरली नव्हती. त्यातल्या प्रत्येक फूट जमिनीवर कधीकाळी कोणीतरी खर्च वाचवला होता. पुढे जून २०२१ मध्ये ओढ्याच्या कामासाठी दांडेकर पुलाजवळच्या झोपड्या पाडल्या, तेही भर पावसाळ्यात. म्हणजे पूर सोसला त्यांनीच आणि घरंही गेली त्यांचीच. कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीला २०१३ च्या जूनमध्ये बेकायदा फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. मुठेच्या काठाला २०२४ च्या जुलैमध्ये, खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर, एकतानगरीत फ्लॅटमध्ये पाणी शिरलं. तिथले लोक झोपडीतले नव्हते, कर्ज काढून फ्लॅट घेतलेले होते.

टेकड्यांचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्यात पर्यावरणवाद्यांनाही दोन शब्द ऐकवावे लागतात. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांमधली ९७८ हेक्टर टेकड्यांची जमीन जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी राखून ठेवली. त्यासाठी माजी खासदार वंदना चव्हाण आणि अनेक नागरिक वर्षानुवर्षं लढले. २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम केलं, बांधकामाला बंदी घातली आणि मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर. निर्णय उत्तमच होता. त्या टेकड्या गेल्या असत्या तर बावधन-बाणेरकडचं पाणी जिरायला जागाच राहिली नसती.

पण ही जमीन बरीचशी खासगी आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. त्याचे ८ टक्के होतात सुमारे ३,४८५ चौरस फूट. हीच एक एकर जमीन दाट वस्तीबाहेर विकास आराखड्यातल्या रस्त्यात गेली असती तर जमिनीच्या दुप्पट, म्हणजे ८७,००० चौरस फुटांच्या वर टीडीआर मिळाला असता. खाली रस्त्यात जमीन गेलेला चुलतभाऊ बंगला बांधतो आणि वर टेकडीवाला कागद घेऊन फिरतो. मग तो काय करतो? गुंठा-दोन गुंठे रजिस्ट्री न करता नुसत्या नोटरीच्या कागदावर विकतो. घेणारा कोण, तर ज्याला ८० लाखांचा फ्लॅट सात जन्मांत परवडणार नाही तो रिक्षावाला, सिक्युरिटी गार्ड, पोळ्या करणारी बाई. रातोरात पत्र्याची खोली, सहा महिन्यांत स्लॅब. नकाशात टेकडी हिरवी असते, जागेवर वस्ती असते. शहराने टेकडी वाचवायचा खर्च एकट्या मालकावर टाकला आणि स्वस्त घरं कुठे बांधायची हे ठरवलंच नाही, त्याचा हा परिणाम. ८ टक्के वाढवा म्हटलं की टेकडी बिल्डरच्या घशात घालताय असा आरोप होतो. मला तो पटत नाही. टीडीआर दुसरीकडे वापरायचा असतो, टेकडीवर बांधायला तो दिलेला नसतो.

याच्याच दुसऱ्या टोकाला जुन्या, चांगल्या वस्तीतले लोक आहेत. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआय देण्याचं धोरण आहे. शहर तिथेच वाढलं तर वाघोली-मुळशीकडे शेतं खात पसरणार नाही, हे कोणीही मान्य करेल. आपल्या गल्लीत इमारत येईपर्यंत. गल्लीत आली की वडाचं झाड आठवतं. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि २०२१ च्या दुरुस्तीतली ५० वर्षांवरच्या झाडांची तरतूद चांगल्या आहेत, मी स्वतः एका पिंपळासाठी अख्खा नकाशा फिरवलाय. पण हरकत घेणाऱ्याचं प्रेम झाडावर आहे की उन्हाच्या तिरिपेवर आणि पार्किंगवर, हे सुनावणीत पाच मिनिटांत कळतं. कॅलिफोर्नियात १९७० च्या पर्यावरण कायद्याचा असाच वापर शहराच्या आतली घरं अडवायला होत राहिला, तेव्हा २०२५ मध्ये तिथल्या सरकारने शहरांतर्गत घरबांधणीला त्यातून मोठी सूट दिली. आपल्याकडे ती सरसकट सूट मी मागणार नाही, कारण आपली महापालिका स्वतःच परवानग्यांच्या भरण्यावर जगते. जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला. तेव्हापासून बांधकाम परवानगी हे तिजोरी भरणाऱ्या मोठ्या खात्यांपैकी एक आहे. जो एफएसआय विकतो त्यालाच ओढ्याची राखण करायला सांगितलंय.

आता तुमच्या फ्लॅटचं. ढकललेला खर्च तुमच्याकडे मेंटेनन्सच्या रूपाने येतो. नव्याने हद्दीत आलेल्या भागात महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डर देतो. सोसायटी ताब्यात दिली की ते सोयीस्करपणे विसरलं जातं आणि टँकरची बिलं रहिवाशांच्या गळ्यात येतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद असतात, तिथे शोधा. या हमीपत्राची आणि पर्यावरण मंजुरीची प्रत बिल्डरकडे लेखी मागा. विकास आराखड्यावर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्याच बिल्डरची चार-पाच वर्षं जुनी सोसायटी गाठा आणि सेक्रेटरीला विचारून तळघरातल्या सांडपाणी प्रकल्पाच्या खोलीत जा. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज येत असेल आणि लॉगबुकात रोजच्या नोंदी वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या असतील तर प्रकल्प चालू आहे. एकाच पेनाने, एकाच बैठकीत महिना भरलेला असेल तर वीजबिल वाचवायला तो बंद ठेवलाय. सोसायटीचं टँकरचं मागच्या मे महिन्याचं बिलही मागून घ्या आणि ते फ्लॅटच्या संख्येने भागून तुमच्या ईएमआयमध्ये मिळवा. ८० लाखांच्या फ्लॅटचा महिन्याचा खर्च बिल्डरच्या तक्त्यापेक्षा किती वेगळा निघतो ते तिथेच समजेल.