पहाडी तोफा सपाट मुलखात

प्रश्न : इटलीच्या 'यूलिया' डिव्हिजनची पहाडी तोफखाना रेजिमेंट दुसऱ्या महायुद्धात रशियात डॉन नदीकाठी लढली, असं वाचलं. तिथे तर डोंगरच नाहीत. मग पहाडी तोफा तिथे नेल्या कशासाठी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मी तोफखान्यातला, देवळालीला शिकलेला. या रेजिमेंटचा विषय निघाला की आजही चीड येते.

ही ३ री पहाडी तोफखाना रेजिमेंट. तिची मुख्य तोफ ७५ मिलिमीटरची स्कोडा, मूळची ऑस्ट्रियन. वजन सुमारे ६०० किलो. ती सुटी करून सात ओझी व्हायची आणि खेचरांच्या पाठीवर चढायची. एकावर नळी, एकावर चाकं. म्हणजे ओझ्याला ९० किलोच्या आतबाहेर. गाडीवाट नसलेल्या घाटात याला तोड नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये ग्रीसच्या पिंडस डोंगरांत यूलिया आत घुसली ती याच जोरावर. पुढे ग्रीकांनी कोंडी केली, रसद तुटली आणि दोन आठवड्यांत माघारी यावं लागलं.

१९४२ च्या उन्हाळ्यात आल्पिनी कोअर (इटलीच्या पहाडी सैनिकांची मोठी फौज, यूलिया तिच्यातलीच) रशियाला निघाली ती कॉकेशस पर्वतासाठी. हुकूम मध्येच फिरला आणि खेचरं, तोफांसकट सगळी फौज डॉनच्या काठी नेऊन बसवली. साडेसहा किलोचा गोळा टाकणारी तोफ, समोर टी-३४ रणगाडे! डिसेंबरात शेजारची फळी फुटली, तेव्हा यूलियाला बांधलेल्या खंदकांतून उचलून उघड्या बर्फात उभं केलं. तिथेही महिनाभर त्यांनी दम धरला. १७ जानेवारी १९४३ ला कोअरला माघारीचा हुकूम सुटला. पारा उणे तीसच्या खाली. वालुयकीजवळ डिव्हिजनचे सेनापती जनरल रिकान्यो आणि उरलेसुरले बरेच जण कैद झाले. गोलंदाजांनी कुठेच कसूर केली नव्हती. मोहिमेचा मुलूख बदलला, फौज मात्र तीच ठेवली. हा दोष वर बसून हुकूम सोडणाऱ्यांचाच.

रेजिमेंट आजही आहे, ईशान्य इटलीतल्या उदिने शहराजवळ रेमान्झाकोला. इटालियन सैन्याने शेवटची खेचरं १९९३ मध्ये काढली. आता १५५ मिलिमीटरच्या, ट्रकने ओढायच्या तोफा आहेत. तिकडे जाणं झालं तर उदिनेजवळच्याच कार्न्याको गावातलं, रशियात पडलेल्या सैनिकांसाठी बांधलेलं चर्च आवर्जून पाहा.