शाल-श्रीफळाचे फोटो किती दिवस काढायचे?

प्रश्न : दादा, मी एसवायला आहे आणि आमच्या कॉलेजच्या वृत्तपत्राची फोटोग्राफर आहे, म्हणजे एकटीच आहे. कॅमेरा डिपार्टमेंटचा, त्यावर सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स. गॅदरिंगचे, नाटकाचे फोटो एकतर हलतात नाहीतर दाणेदार येतात. छापून येतात ते दीपप्रज्वलन आणि सत्काराचेच, आणि खाली माझं नावही नसतं. नवीन कॅमेरा घ्यायचं घरी बोलू का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : कॅमेरा नको घेऊस गं. मागायचंच असेल तर ५० एमएमची एफ १.८ लेन्स माग (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), सेकंडहँड पण मिळते, फक्त तुमच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस होतो का ते दुकानातच लावून बघ. तुझी लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, आणि १.८ मधून त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो, फरक सगळा तिथेच पडतो. संवाद चालू असतील तर शटर १/१६० सेकंदाच्या आसपास, नाच असेल तर १/२५० पेक्षा वेगवान, आणि आयएसओ (कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची ताकद) ३२०० वर न्यायला घाबरू नको, दाणे चालतात, हललेला चेहरा नाही चालत. स्टेजवर मागे काळा पडदा असतो ना, कॅमेऱ्याला वाटतं सगळा अंधारच आहे आणि तो चेहरे पांढरेफटक करून टाकतो, तेव्हा एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) उणे १ वर ठेव. फ्लॅश अजिबात नको, नटाच्या डोळ्यांवर येतो.

खरं सांगू का, प्रयोगाला फोटो काढूच नको, रंगीत तालमीला जा. तुमची मुलं पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेची एकांकिका बसवत असतील तर दिग्दर्शकाला आधी विचारून ठेव, तेच लाईट, तेच कपडे, आणि तू पार स्टेजच्या कडेला उभी राहिलीस तरी कोणी ओरडणार नाही.

आता सत्कार. यातून सुटका नाही, मी पण वर्षानुवर्षं काढलेत, तो एक फोटो पहिल्या मिनिटात काढून टाकायचा म्हणजे सर खूश आणि आपण मोकळे. पण ज्या खो-खोवाल्या मुलीला शाल मिळणार आहे तिच्याकडे आदल्या दिवशी सकाळी सहाला ग्राउंडवर जाऊन ये. सोललेले गुडघे, मातीत रोवलेला खांब, ओरडणारे कोच, बातमी तिथे आहे. हे दोन्ही फोटो संपादकाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेव, भांडायची गरज पडत नाही (कधीकधी पडते, तेव्हा भांड).

नावाचं म्हणशील तर ते सोडू नको. होमाई व्यारावाला, आपल्याकडच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींचे फोटो काढायच्या आणि सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे नवऱ्याच्या नावाने. पुढे २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं ते सोड, पण फोटो कोणाचा आणि नाव कोणाचं ही गोष्ट इतकी जुनी आहे. आणि कायदा तुझ्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणाराच त्याचा पहिला मालक, अपवाद आहेत पण ते पगारी नोकरी, पैसे घेऊन काढलेले फोटो असे, आणि तू तर कॉलेजकडून चहाही घेत नसशील. हे काही प्राचार्यांना ऐकवायला जाऊ नको, फाईल पाठवतानाच फोटोखालच्या ओळीच्या शेवटी 'छायाचित्र :' लिहून पुढे नाव टाकत जा, पान लावणारा कंटाळ्याने आहे तसंच उचलतो. आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ती एवढीशी होते आणि छपाईत चेहरे पुसट येतात.

फोटोओळीत माझी एकदा जाम फजिती झालीये. वक्तृत्व स्पर्धेचे पहिला आणि दुसरा, डावीकडून लिहायच्या ऐवजी मी उजवीकडून नावं लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाचे वडील अंक हातात घेऊन दारात. तेव्हापासून वही पुढे करतो, तुमचं नाव तुम्हीच लिहा म्हणतो, आणि त्या पानाचाही एक फोटो काढून ठेवतो.

प्रश्न : फीवाढीच्या मोर्चात फोटो काढत होतो, एका पदाधिकाऱ्याने हात धरून फोटो डिलीट करायला लावले. सगळे गेले. आता काय?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : सगळे गेले नसतील. त्या कार्डवर आता एकही नवीन फोटो काढू नकोस, डिलीट केल्यावर फक्त जागा मोकळी दाखवतात, वरून नवीन काही लिहिलं जात नाही तोवर फोटो बहुतेक वेळा आतच असतात. कार्ड फॉरमॅट पण नको. कार्ड रीडरने लॅपटॉपला लाव आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालव, फुकटचीही आहेत, मिळालेले फोटो मात्र त्याच कार्डवर सेव्ह करू नको. पुढच्या वेळी दोन कार्ड घेऊन जा, थोडे फोटो झाले की भरलेलं कार्ड मोज्यात, आणि कोणी अडवलं तर वाद न घालता संपादकाला फोन लाव, त्याच्यासाठीच तो संपादक आहे. एखादी मुलगी स्वतःहून येऊन माझा चेहरा नको, घरी कळेल असं म्हणाली तर ती गोष्ट वेगळी, तिचा फोटो तिच्यासमोरच काढून टाक, आणि रिकव्हरीत परत आला तर परत काढून टाक.